घर सोडायचं कधी, आणि कोणासाठी थांबायचं नाही

आपत्कालीन तयारीची कुठलीही यादी घ्या, सुरुवात पिशवीपासून होते: टॉर्च, शिट्टी, दोरी, प्रथमोपचाराचा डबा. पिशवी लागतेच, पण ती यादीत सगळ्यांत वर जाऊन बसते याचं खरं कारण म्हणजे ती विकत आणता येते. विकत न मिळणाऱ्या गोष्टी मागे पडतात. कोणती खूण दिसली की निघायचं, कुणी कुणाला घ्यायचं, कुठे भेटायचं आणि कशासाठीही परत आत शिरायचं नाही, एवढं ठरलेलं असेल तर रिकाम्या हातानेही माणसं वाचतात. हे ठरलेलं नसेल तर भरलेली पिशवी दाराशी राहते आणि घरातले एकमेकांना हाका मारत फिरतात.

जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर, सान्रिकु भागात, एक शिकवण आहे. मोठा भूकंप झाला की इशाऱ्याची वाट पाहायची नाही, घरच्यांचीही पाहायची नाही. ज्याने त्याने थेट उंचावर धावायचं. ऐकायला निष्ठुर वाटतं. पण तिच्यामागे एक अट आहे. आई स्वतःहून उंचावर जाणार हे मुलाला, आणि मूल शाळेतून वर जाणार हे आईला आधीपासून ठाऊक हवं. तेव्हाच दोघांपैकी कुणी दुसऱ्याला शोधायला खाली उतरत नाही. ११ मार्च २०११ रोजी इवाते प्रांतातल्या कामाइशी शहरात त्या वेळी शाळेत असलेली जवळजवळ ३,००० मुलं त्सुनामीतून वाचली. त्यांना वर्षानुवर्षं हेच शिकवलं होतं. कौटुंबिक योजना करायची ती या अटीसाठी. बाकीचं सामानसुमान नंतर.

हाताशी वेळ किती?

संकटाच्या नावापेक्षा त्यात मिळणारा वेळ महत्त्वाचा, कारण घरात नेमकं काय करायचं ते त्यावर ठरतं.

आग लागली तर वेळ मिनिटांत मोजायचा. धुराचा अलार्म वाजल्यापासून सुखरूप बाहेर पडायला दोन मिनिटंच, किंवा त्याहूनही कमी, मिळू शकतात. बहुतेकांचा जीव ज्वाळांनी नाही, धुराने जातो. म्हणून पिशवी नाही, कागद नाहीत, फोनही हाताशी असेल तरच. प्रत्येक खोलीतून बाहेर पडायचे दोन मार्ग माहीत हवेत. खिडकीला गज असतील तर किमान एक खिडकी आतून उघडणारी हवी, आणि तिला कुलूप असेल तर किल्ली त्याच भिंतीवर, मुलाचा हात पोहोचेल पण बाहेरच्याचा पोहोचणार नाही अशा जागी. कपाटाच्या खणात ठेवलेली किल्ली अंधारात आणि धुरात सापडत नाही. बंद दार उघडण्याआधी हाताच्या मागच्या बाजूने त्याला स्पर्श करून पाहा. गरम लागलं तर दुसरा मार्ग घ्या. धूर वर साचतो, म्हणून रांगत निघा. निघताना मागचं प्रत्येक दार लोटून घ्या, कारण बंद दार आग आणि धूर बराच वेळ अडवून धरतं. लिफ्ट वापरायची नाही. जिना धुराने भरला असेल तर घरात परत येऊन दार लावा, फटीत ओलं कापड कोंबा आणि खिडकीतून दिसेल अशी खूण करत मदतीची वाट पाहा. अलार्म महिन्यातून एकदा बटण दाबून तपासायचा आणि वाजत असला तरी दहा वर्षांनी बदलायचा, कारण आतला सेन्सर जुना होतो.

भूकंपात बरोबर उलट करायचं. जमीन हलत असताना पळायचं नाही. खाली बसा, भक्कम टेबलाखाली जा, टेबलाचा पाय धरून ठेवा. टेबल नसेल तर आतल्या भिंतीलगत डोकं-मान हातांनी झाका. काचा आणि उंच कपाटांपासून दूर राहा. दाराच्या चौकटीत उभं राहण्याचा जुना सल्ला सोडून द्या. आजच्या बांधकामात चौकट बाकीच्या घरापेक्षा मजबूत नसते आणि हेलकावणारं दार बोटं चेचतं. हादरे थांबल्यावर होणारी एक नेहमीची जखम म्हणजे अनवाणी पायात घुसलेली काच. ती टाळणं सगळ्यांत सोपं आहे. प्रत्येक पलंगाखाली एक जुने बंद बूट आणि एक टॉर्च, दोन्ही पिशवीत घालून पलंगाच्या पायाला बांधलेले. नाहीतर धक्क्याने तेही खोलीच्या दुसऱ्या टोकाला जातात. समुद्रकिनारी असाल आणि हादरा २० सेकंद किंवा जास्त टिकला, तर इशाऱ्याची वाट न पाहता ३० मीटर उंचीवर किंवा सुमारे ३ किलोमीटर आत चालत निघायचं. समुद्र अचानक मागे सरला तरीही हेच.

पूर आणि वादळात तास किंवा दिवस मिळतात, आणि माणसं अडकतात ती इथेच. वेळ आहे म्हणून निर्णय पुढे ढकलला जातो. ‘पाणी घरात आलं की निघू’ हा नियम चुकीचा आहे, कारण घराच्या आधी रस्ता बुडतो. आपल्या बाहेर पडण्याच्या वाटेवरचा सगळ्यांत खोलगट भाग शोधा: एखादा भुयारी मार्ग, सखल चौक, छोटा पूल. निघण्याची खूण घराच्या पायरीवर नाही, त्या जागेवर बांधायची. ‘ओढ्याचं पाणी पुलाच्या खांबावरच्या पांढऱ्या पट्ट्याला लागलं की निघायचं’ असं वाक्य हवं, आणि ते अंधार पडायच्या आत. वाहतं पाणी १५ सेंटीमीटर असलं तरी उभ्या माणसाचे पाय उचलू शकतं, ३० सेंटीमीटरमध्ये छोटी गाडी वाहून जाते, ६० मध्ये बहुतेक गाड्या. गढूळ पाण्याखाली रस्ता शिल्लक आहे की वाहून गेलाय हे वरून कळत नाही. पाणी रस्त्यावर आलं असेल तर गाडी वळवायची, खोली आजमावायची नाही.

विषारी वायूची गळती हा वेगळा प्रकार आहे. तिथे बाहेर पडणंच घातक ठरू शकतं. घरात राहायला सांगितलं तर खिडक्या-दारं बंद, एसी आणि बाहेरची हवा ओढणारे पंखे बंद, फटींना ओलं कापड किंवा चिकटपट्टी. गळती क्लोरीनची असेल तर वरच्या मजल्यावर जा, कारण तो हवेपेक्षा जड असतो. बाहेर असाल तर वाऱ्याला आडवं चाला, म्हणजे वायूच्या पट्ट्यातून लवकर सुटका होते.

कुणी कुणाला घ्यायचं

बहुतेक योजना रात्री सगळे घरी आहेत असं धरून बनतात. प्रत्यक्षात दिवसातला बराचसा वेळ घर अर्धं रिकामं असतं. म्हणून निदान तीन प्रसंग स्वतंत्र लिहा: रात्री सगळे घरी, दुपारी घरात फक्त म्हातारं माणूस किंवा लहान मूल, आणि मुलं शाळेत व मोठे कामावर. तिन्हींत प्रत्येक अशक्त माणसापुढे एक नाव आणि एक पर्यायी नाव. ‘आपण सगळे बघू’ म्हणजे कुणीच बघणार नाही, किंवा दोघं एकाच खोलीत धावणार आणि दुसरी खोली राहून जाणार.

शाळेकडे मुलाला सोपवण्याची परवानगी असलेल्यांची यादी असते. तीत आईवडिलांखेरीज पायी पोहोचू शकणारी आणखी दोन माणसं घाला आणि दरवर्षी तपासा. शेजारी घर बदलतात, नंबर बदलतात. शाळा मुलांना संकटात कुठे हलवणार आहे ते आधी विचारून ठेवा. तिची जागा सुरक्षित असेल तर सगळ्या पालकांनी एकाच वेळी गाड्या घेऊन तिकडे धावण्याने रुग्णवाहिकेचाच रस्ता बंद होतो. मुलाला हे स्पष्ट शब्दांत सांगितलेलं हवं: आम्हाला उशीर झाला तरी तू बाईंसोबतच राहायचं, आम्ही आपापल्या जागी ठीक असू.

चालता न येणाऱ्या माणसाला जिन्यावरून कसं उतरवणार, हे कागदावर सोपं वाटतं. करून पाहिल्याशिवाय कळत नाही. दोघं असतील तर मनगटं एकमेकांत अडकवून हातांची बैठक किंवा हात असलेली भक्कम खुर्ची. एकटं असाल तर माणसाला जाड पांघरुणावर झोपवून डोक्याच्या बाजूने ओढत न्यायचं. सपाट जमिनीवर हे एकट्या बाईलाही जमतं, जिन्यावर मात्र अवघड आहे. म्हणून अशा माणसाची खोली शक्यतो तळमजल्यावर किंवा दाराजवळ असावी. हा बदल कुठल्याही उपकरणापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर चालू असेल तर वीज गेली की घड्याळ सुरू होतं. राखीव सिलिंडर किती पुरेल याचा हिशेब सोपा आहे: त्यातले लिटर भागिले मिनिटाला लागणारे लिटर. १,५०० लिटरचा भरलेला सिलिंडर मिनिटाला २ लिटरने ७५० मिनिटं, म्हणजे साडेबारा तास. तो आकडा सिलिंडरवर चिकटवा, आणि रुग्णाला हलवायला लागणारा वेळ त्यातून वजा करून निघण्याची वेळ ठरवा.

भेटायची जागा, एक नव्हे तीन

पहिली घराबाहेर, इमारतीपासून दूर: एखादं झाड, दिव्याचा खांब. ही आगीसाठी. माणसं मोजायची ती इथेच, आणि कुणी कमी असेल तर ते अग्निशमन दलाला सांगायचं, आत जायचं नाही. दुसरी वस्तीबाहेर, पायी गाठता येईल अशी आणि उंचावर. तिसरी शहराबाहेर, नातेवाइकाचं किंवा मित्राचं घर. प्रत्येक जागेला पुढची जागा जोडलेली हवी. कामाइशीतली मुलं ठरलेल्या जागी पोहोचली तेव्हा ती जागाही धोक्याची दिसली. ती तिथे थांबली नाहीत, आणखी वर गेली.

नुसती जागा ठरवून भागत नाही, किती वेळ थांबायचं हेही ठरवा. ‘दुसऱ्या जागी दोन तास थांबायचं, मग तिसरीकडे निघायचं, आणि फाटकाच्या डाव्या खांबावर चिठ्ठी लावायची.’ चिठ्ठीत नाव, वेळ, सोबत कोण, कुठे निघालो. खडू किंवा वॉटरप्रूफ मार्कर आणि चिकटपट्टी यासाठी पिशवीत हवीच. जागा आणि वाटा नकाशावर आखताना एक गोष्ट तपासा: दोन्ही वाटा एकाच पुलावरून तर जात नाहीत ना? जात असतील तर ती एकच वाट आहे.

फोनच्या बाबतीत, मोठ्या घटनेनंतर पहिल्या काही तासांत कॉल लागत नाहीत, कारण सगळे एकदम लावतात. साधा एसएमएस तेव्हाही अनेकदा पोहोचतो. त्याला फार थोडी जागा लागते आणि लाइन मोकळी होईपर्यंत तो रांगेत थांबतो. शहराबाहेरचा एक माणूस मध्यस्थ ठेवा. आतल्या आत फोन लागत नसताना बाहेरगावी लागू शकतो, आणि घरातल्या चौघांनी एकमेकांना बारा कॉल करण्याऐवजी चार निरोप पुरतात. त्या माणसाला आपण मध्यस्थ आहोत हे माहीत असायला हवं, ही बाब आश्चर्यकारकपणे राहून जाते. निरोपाचा साचा ठरलेला असू द्या: कोण, कुठे, तब्येत कशी, पुढे कुठे. बॅटरी वाचवायला फोन फ्लाइट मोडवर ठेवून दर तासाची पहिली पाच मिनिटंच चालू करायचा. सगळ्यांनी एकच वेळ पाळली तर भेट होते. नंबर कागदावर हवेत. फोन बंद पडल्यावर स्वतःच्या बायकोचा नंबरही कित्येकांना आठवत नाही.

पिशवी वेगळी, साठा वेगळा

माणशी दिवसाला साधारण ४ लिटर पाणी धरतात, निम्मं पिण्याला आणि निम्मं स्वयंपाक-स्वच्छतेला. चौघांचं तीन दिवसांचं झालं ४८ लिटर, म्हणजे ४८ किलो. ते पाठीवर घेऊन कुणी चालणार नाही. तरीही याद्या हे पाणी ‘गो बॅग’मध्ये लिहितात. घरात अडकलो तर लागणारा साठा आणि घर सोडताना उचलायची पिशवी या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची सरमिसळ झाली की दोन्ही निकामी होतात.

पिशवी पाठीवरची हवी, हात मोकळे राहावेत म्हणून. वजन उचलणाऱ्याच्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्क्यांपर्यंत. ६० किलोच्या माणसाला ६ ते ९ किलो, म्हाताऱ्यांना आणि मुलांना त्याहून बरंच कमी. आत माणशी एक-दोन लिटर पाणी, न शिजवता आणि पाणी न घालता खाता येईल असं कोरडं खाणं, पावसाचा कोट, एक कपड्यांचा जोड, सॅनिटरी पॅड, शिट्टी, डोक्याला लावायचा टॉर्च, सुट्ट्या नोटा. वीज नसताना कार्ड चालत नाही आणि मोठ्या नोटेची मोड कुणाकडे नसते. टॉर्चचे सेल टॉर्चबाहेर ठेवा; आत पडून राहिलेले अल्कलाइन सेल पाझरतात आणि नेमक्या वेळी स्प्रिंग गंजलेली निघते. पॉवर बँकेवरचा १०,००० एमएएच हा आकडा आतल्या सेलचा असतो. व्होल्टेज बदलताना बरंच वाया जातं, म्हणून ५,००० एमएएचचा फोन ती साधारण दीड वेळा भरते, दोनदा नाही. पडून राहिली तरी ती हळूहळू उतरते, तेव्हा तीन महिन्यांनी पुन्हा चार्ज करा.

औषधं निदान सात दिवसांची, मूळ पाकिटात, आणि सोबत औषधाचं रासायनिक नाव व मात्रा लिहिलेला कागद. दुसऱ्या गावी त्याच ब्रँडची गोळी मिळेलच असं नाही. इन्सुलिन बर्फाला चिकटवून नेऊ नका, गोठलं की ते वाया जातं. जुन्या चष्म्याची जोडी टाकून न देता इथे ठेवा. कागदपत्रांच्या प्रती झिप पाउचमध्ये, आणि स्कॅन केलेल्या फाइली पासवर्ड लावून पेनड्राइव्हवर व ऑनलाइन.

घरातल्या साठ्यात पाणी सगळ्यांत आधी. साठवलेलं संपलं तर गढूळ पाणी कापडातून गाळून उकळा. खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट, २,००० मीटरच्या वर राहत असाल तर तीन मिनिटं. इंधन नसेल तर सुगंध न घातलेलं साधं ५-६ टक्के द्रव ब्लीच (सोडियम हायपोक्लोराइट) लिटरला २ थेंब घालून ढवळा आणि अर्धा तास ठेवा. क्लोरीनचा हलका वास यायला हवा. न आल्यास पुन्हा तितकेच थेंब घाला आणि १५ मिनिटं थांबा. ब्लीच वर्षभरात कमजोर होतं, म्हणून बाटलीवर तारीख टाका. रसायनांनी किंवा इंधनाने दूषित झालेलं पाणी मात्र उकळूनही शुद्ध होत नाही आणि ब्लीचनेही नाही. जुलाब सुरू झाले आणि तयार पाकीट नसेल तर एक लिटर शुद्ध पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, म्हणजे ५ मिलिलिटरचा. मीठ जास्त झालं तर अपाय होतो, अंदाजाने टाकू नका.

वीज गेल्यावर फ्रिज न उघडल्यास चार तास गार राहतो, ठासून भरलेला डीप फ्रीझर ४८ तास, अर्धा भरलेला २४ तास. मेणबत्त्या साठ्यात नकोतच. अंधारात, हादऱ्यांत आणि मुलांमध्ये उघडी ज्योत म्हणजे दुसऱ्या संकटाला आमंत्रण. जनरेटर घराबाहेर, दारं-खिडक्यांपासून निदान ६ मीटर लांब. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोकं दुखतं, गुंगी येते आणि माणूस झोपेतच जातो.

मेन स्विच, पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह आणि गॅसची कळ घरातल्या किमान दोघांना डोळे मिटून सापडायला हवी. पूर येणार असेल तर मेन स्विच पाणी यायच्या आधी बंद करायचा. पाण्यात उभं राहून त्याला हात लावायचा नाही. गॅसचा वास आला तर कुठलंही बटण चालू किंवा बंद करू नका, दोन्हींत ठिणगी पडते. सिलिंडरमधला गॅस जड असतो आणि जमिनीलगत साचतो, त्यामुळे बसून पाहायला गेलात तर थेट त्यातच शिराल. पाइपचा गॅस एकदा बंद केला की परत चालू करायचं काम कंपनीच्या माणसाचं.

पाळीव प्राण्यांना काही निवारा केंद्रं आत घेत नाहीत. कुठे नेता येईल ते आजच विचारा. मांजराची पेटी नेहमी उघडी ठेवा म्हणजे ती तिच्यात झोपायला शिकते. घाईच्या वेळी अनोळखी पेटीत मांजर कोंबणं अशक्य असतं.

तालीम

एका कागदाच्या एका बाजूवर मावेल तेवढीच योजना ठेवा. दाराच्या आतल्या बाजूला एक प्रत, प्रत्येक पिशवीत एक, प्रत्येक पाकिटात घडी घालून नंबरांची छोटी चिठ्ठी. मग वर्षातून दोनदा करून बघा, एकदा रात्री दिवे बंद करून. पहिल्या वेळी सगळ्यांना सांगून. दुसऱ्या वेळी मुख्य दारावर ‘इथे आग आहे’ अशी पाटी लावून. तिसऱ्या वेळी घरात जो सगळं ठरवतो त्याला गप्प बसवून, कारण बहुतेक घरांत किल्ल्या कुठे, पासवर्ड काय आणि कुठल्या वाटेने जायचं हे एकाच माणसाला माहीत असतं. वेळ घड्याळावर मोजा. अडकलं कुठे ते लगेच लिहा: गंजलेली कडी, माळ्यावर ठेवलेली पिशवी, मुलाला न बसणारे मागच्या वर्षीचे बूट, अलार्म न ऐकता झोपून राहिलेलं मूल. झोपेत अलार्म न ऐकणारी लहान मुलं नेहमीची बाब आहे. त्यांना उठवायला कोण जाणार ते नाव कागदावर त्याच दिवशी टाका आणि पुढच्या तालमीत नेमकं तेवढंच पुन्हा तपासा.